हेल्मेट काढायचं की नाही? (द मँडलोरियन : तिन्ही सीझनचे स्पॉयलर आहेत, बघायची असेल त्यांनी इथूनच परत फिरा)

मधलीसुट्टी
पोराची दहावी संपली आणि त्याने जाहीर केलं की बाबा, आता तुम्ही मँडलोरियन बघायचीच. मी काही स्टार वॉर्सवाला नाही. मला त्यातलं एवढंच ठाऊक होतं की काळ्या हेल्मेटातला तो घुसमटल्यासारखा श्वास घेणारा खलनायक शेवटी हिरोचा बाप निघतो. तरी बसलो. रोज जेवणं झाली की दोन भाग, असे चोवीस भाग बारा रात्रीत संपवले. दुसरा सीझन संपला तेव्हा पोरगं म्हणे थांबा, आता बोबा फेटच्या मालिकेतले शेवटचे तीन भाग बघावे लागतील नाहीतर पुढचं कळणार नाही. म्हणजे आपल्या घरात काय घडलं ते शेजाऱ्याकडे जाऊन ऐकायचं. असो.

तर मुद्दा हेल्मेटचा. मँडो म्हणजे ह्या मालिकेचा नायक, पैसे घेऊन माणसं पकडून देणारा. त्याच्या पंथात नियम असा की एकदा हेल्मेट चढवलं की दुसऱ्या जिवंत माणसासमोर काढायचं नाही. हे त्यांनी पहिल्या सीझनमध्ये इतकं ठसवलंय की आपल्यालाही ते पाळावंसं वाटायला लागतं. माणूस मरायला टेकलाय तरी काढू देत नाही, मग तो आयजी-११ रोबो म्हणतो मी कुठे जिवंत आहे, आणि मग काढतो. काय सुंदर पळवाट! दुसऱ्या सीझनमध्ये दोनदा काढतो, दोन्ही वेळा तो सांभाळत असलेल्या त्या पोरासाठी, ग्रोगूसाठी. त्याबद्दल त्याला पंथातून हाकलतात. इथवर मला सगळं पटलं. मग तिसऱ्यात काय, तर खाणीखालच्या पाण्यात एक डुबकी मारली की शुद्ध. आणि वर ती बो-कटान, हेल्मेट काढणाऱ्या दुसऱ्या मँडलोरियन गटातली, तिला त्यांची लोहारीण बाई स्वतःच सांगते की काढ हेल्मेट, तू दोन्हीकडची, तुला चालेल. अरे मग आमच्या माणसाने काय घोडं मारलं होतं?

माझं म्हणणं, एवढा नियम तुम्ही बांधलात तर त्याची किंमत शेवटपर्यंत वसूल करा, नाहीतर काढून टाका ते हेल्मेट एकदाचं. तुम्हाला काय वाटतं?

झणझणीत
नाही पटलं. पंथ असेच चालतात हो. प्रायश्चित्त घ्या, पाण्यात बुडी मारा, पंगतीत या. आपल्याकडे समुद्र ओलांडून विलायतेला जाऊन आलेल्यांना काय करावं लागायचं ते विसरलात का. आणि बो-कटानला सूट मिळाली कारण तिची गरज होती, दोन तट एकत्र आणायचे होते. ज्याची गरज असते त्याला नियम शिथिल होतो, सोसायटीच्या मीटिंगला जाऊन बघा.

पावसाळी_बूट
ही मालिका पुण्यात लिहिली गेली असती तर पहिल्याच भागात संपली असती. हेल्मेट घालायचंच कशाला इथून वाद सुरू.

दुधीभोपळा
@पावसाळी_बूट =)) =)) आणि लोहारीण बाई चौकात पावती पुस्तक घेऊन उभी.

टोरांटोकर_मूळ_सातारा
आमच्याकडे १२ नोव्हेंबर २०१९ ला डिस्ने प्लस सुरू झालं त्याच दिवशी पहिला भाग आला, तेव्हापासून बघतोय. तुम्हा लोकांना तो अनुभव कळणार नाही. पहिल्या भागाच्या शेवटी तो पाळणा उघडतो आणि आतून ते हिरवं कानवालं बाहेर येतं, त्याबद्दल आधी कुणाला काहीच माहीत नव्हतं. मालिकेचा कर्ता जॉन फॅव्हरो, त्याने मुद्दाम खेळणी आधी बाजारात येऊ दिली नाहीत, नाहीतर कारखान्यातूनच बातमी फुटली असती. परिणाम असा की त्या ख्रिसमसला सगळ्यांच्या पोरांना तेच हवं होतं आणि दुकानात काहीच नाही. माझ्या मुलीसाठी आईने साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर विचारून विचारून लोकरीचा विणून पाठवला. कान एवढे मोठे झाले होते की ससा दिसत होता. अजून आहे.

हेल्मेटबद्दल नंतर लिहितो, मीटिंग आहे.

पावसाळी_बूट
आमच्याकडे एप्रिल २०२० ला हॉटस्टारवर आली, लॉकडाऊन चालू होता. तोंड झाकून फिरणारा माणूस बघून कुणालाच नवल वाटलं नाही.

तिरपा_डोळा
मी मालाडला व्हीएफएक्समध्ये आहे म्हणून माझे दोन पैसे. हेल्मेट आणि चिलखत नसतं तर ही मालिका ज्या पद्धतीने शूट झाली त्या पद्धतीने बहुतेक झालीच नसती.

झालं असं की बेस्कार म्हणजे त्या गोष्टीतलं पोलाद, लाइटसेबरलाही (ती प्रकाशाची तलवार) न कापलं जाणारं, ते चकचकीत. आता चकचकीत वस्तू हिरव्या पडद्यासमोर उभी केली की तिच्यावर सगळीकडे हिरवं दिसतं. ते एकेका फ्रेममधून काढत बसणं म्हणजे काय असतं ते आम्हाला विचारा, तांदळातले खडे निवडण्यापेक्षा वाईट. म्हणून आयएलएमने (स्टार वॉर्सची व्हीएफएक्स कंपनी) एलईडीची भिंतच उभी केली, साधारण वीस फूट उंच, २७० अंशात वळलेली, वर छतही एलईडीचं, मधली जागा पंच्याहत्तर फूट व्यासाची. त्याला व्हॉल्यूम म्हणतात. मागचं वाळवंट गेमच्या इंजिनवर तिथल्या तिथे चालतं आणि कॅमेरा सरकला की दृश्यही त्याप्रमाणे सरकतं. त्यामुळे चिलखतावर जे आभाळ दिसतं ते नंतर चिकटवलेलं नाही, शूटिंगच्या वेळी खरंच त्या पत्र्यावर पडलेलं आहे. पहिल्या सीझनचा अर्ध्याहून जास्त भाग त्या गोल खोलीत झालाय. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा गोष्ट सोडा आणि फक्त त्याच्या खांद्याच्या पत्र्याकडे बघा.

तोटा पण आहे. त्या खोलीत पळायला जागा कमी. तिसऱ्या सीझनमध्ये लोक एका गोलात उभे राहून बोलत असतात ते जाणवायला लागतं.

शेवग्याचीशेंग
@तिरपा_डोळा, छान माहिती. म्हणजे मांडव तोच, मागचा पडदा फिरता. आमच्या गावच्या नाटकाला राजवाडा आणि जंगल असे दोनच पडदे असायचे आणि जंगलाच्या पडद्यावर कोपऱ्यात पडदेवाल्याचा फोन नंबर.

झणझणीत
अजून एक गंमत सांगतो, धागाकर्त्याच्या पोराला माहीत असेलच. हेल्मेटच्या आत बहुतेक वेळा मँडोचं काम करणारा पेद्रो पास्कल नसतोच! आवाज त्याचा. आत कधी ब्रेंडन वेन, कधी लतीफ क्राउडर. मारामारी असली की लतीफ आणि बंदूक काढून उभं राहायचं असलं की ब्रेंडन. हा ब्रेंडन म्हणजे जॉन वेनचा नातू. आजोबाने आयुष्यभर काउबॉय केले, नातू अंतराळात तेच करतोय आणि तेही चेहरा न दाखवता. चौथ्या भागात, तो कोळंबीवाल्यांच्या गावाचा, त्यात तर पास्कल एकही दिवस सेटवर नव्हता, न्यूयॉर्कला किंग लिअर नाटकाच्या तालमी चालू होत्या. आणि त्याच भागात ती विधवा बाई त्याचं हेल्मेट काढायला हात लावते. आपण सगळे श्वास रोखून बसलेलो आणि आत भलताच माणूस.

मधलीसुट्टी
काय सांगता! तो सीन बघताना मी पोराला गप्प बस म्हणालो होतो. फसवणूक आहे ही.

शेवग्याचीशेंग
फसवणूक कसली. मी कॉलेजात असताना आम्ही मुखवटे घालून एक एकांकिका केली होती, मला म्हातारीचा मुखवटा. पहिल्या तालमीत मी आतून जीव तोडून रडत होते आणि समोर बसलेले सर म्हणाले, काहीच दिसत नाहीये, तू आत काय करतेस त्याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही. मग शिकवलं. मुखवटा खाली झुकवला की दुःख, थोडा वर केला की आशा, तिरका केला की प्रश्न. चेहऱ्यावरचं सगळं मानेत आणायचं, आणि हळू. भराभर मान हलवली की नुसती बाहुली दिसते.

मँडो बघा, पोर काहीतरी खोडी करतं तेव्हा तो अर्धी मान वळवतो आणि थांबतो. बस. त्या थांबण्यात आपण त्याचं आठ्या पडलेलं कपाळ आणि डोळे मनातच रेखाटून घेतो. म्हणून माझं मत, हेल्मेट काढू नये. आपण मनात काढलेला चेहरा पेद्रो पास्कलपेक्षा देखणा असतो. (नवरा म्हणतोय अशक्य.)

दुधीभोपळा
पेद्रो पास्कलचा चेहरा झाकायचा? ह्या धाग्यावर बायका कमी आहेत का?

काकडआरती
मंडळी, तुम्ही ज्याला अंतराळातला काउबॉय म्हणताय तो मूळचा सामुराई आहे हे कुणीच लिहिलं नाही. तलवार आणि लहान मुलाची गाडी घेऊन फिरणारा सामुराई ही जपानी चित्रकथा १९७० ला सुरू झाली, लोन वुल्फ अँड कब, ती ह्या मालिकेचा पायाच आहे. पाळणा तरंगता केला एवढंच. आणि झणझणीत म्हणतात तो चौथा भाग, गावकऱ्यांना लुटारू त्रास देतात, ते भाडोत्री लढवय्ये आणतात, गावकऱ्यांनाच लढायला शिकवतात, ही गोष्ट जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या सिनेमाची, १९५४ ची. तिचा अमेरिकेत १९६० ला वेस्टर्न झाला. मग १९७५ ला आपल्याकडे रामगढ झालं. म्हणजे तो भाग बघताना ओळखीचा वाटतो ते उगाच नाही. फक्त इथे गब्बरच्या जागी दोन पायांवर चालणारं यंत्र आहे.

तेराव्या भागात पण तटबंदीचं गाव, आत जुलमी बाई, बाहेरून एकटी तलवारवाली अशोका येते. पूर्ण सामुराईपट. ग्रोगू हे नाव आपल्याला कळतं तेही त्याच भागात. तोवर सगळे बेबी योडाच म्हणत होते.

पावसाळी_बूट
माझी आई अजून 'ते बेडकाचं पोर' म्हणते. आणि दहाव्या भागात त्या बेडूक बाईची अंडी त्याने खाल्ली त्या दिवसापासून तिचं त्याच्यावरचं प्रेम संपलंय. "वंशच बुडवला असता मेल्याने."

दुधीभोपळा
पन्नास वर्षांचं पोर ते. आमच्याकडे एक काका आहेत, त्यांचंही तेच.

गंजलेलानट
उशिरा आलोय पण हा विषय माझा आहे त्यामुळे मोठं लिहिणार, कंटाळा आला तर पुढे सरका.

दोन वर्षांपूर्वी मी मँडोचं आख्खं चिलखत घरी केलं. विकतचं परवडत नाही आणि थ्रीडी प्रिंटर नाही, म्हणून फोमचं. दहा मिलीचा छातीला, पाच मिलीचा हेल्मेटला. कागदावर पॅटर्न काढायचा, कटरने कापायचा (कटरचं पातं दर दहा मिनिटांनी बदला, बोथट झालं की फोम चावल्यासारखा फाटतो), हीट गनने गरम करून मांडीवर दाबून गोलाई आणायची, कडांना रबर सोल्युशन लावून दहा मिनिटं वाळू द्यायचं आणि मग एकदाच चिकटवायचं, दुसरी संधी नाही. पहिलं हेल्मेट चिकटवलं ते डावीकडे इतकं झुकलं की मँडोला पक्षाघात झालेला. दुसरं जमलं. फोमची भोकं बुजायला पातळ केलेल्या फेविकॉलचे पाच हात, मधे मधे पॉलिश पेपर, मग काळा रंग, मग चंदेरी. आणि तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की नवंकोरं स्टीलचं ताट दिसतंय. मग बोटाने कोपऱ्यात काळा रंग चोळून पुसून काढला, ओरखडे काढले, तेव्हा कुठे युद्धातनं आल्यासारखं झालं. डोळ्यांसमोरची ती इंग्रजी टी आकाराची फट वेल्डिंगवाल्याच्या गडद काचेतून, म्हणजे प्लास्टिकच्या शील्डमधून कापली.

ते घालून एका कॉमिक कॉनला (कॉमिक्स-सिनेमावेड्यांची जत्रा) गेलो. मुंबई, डिसेंबर, तरी आत भट्टी. दोन मिनिटांत काचेवर वाफ. मी आत कॉम्प्युटरचा छोटा पंखा बसवून पॉवर बँक लावली होती, तो पंखा वाफ काढायच्या ऐवजी माझाच गरम श्वास मला परत देत होता. खाली काही दिसत नाही. स्वतःचे पाय दिसत नाहीत! जिना उतरताना एका स्टॉर्मट्रूपरने हात धरून उतरवलं, शत्रूपक्ष असून.

आता मुद्द्याचं. एक चार-पाच वर्षांची पोरगी आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ग्रोगू कुठाय?" माझ्याकडे ग्रोगू नव्हता. काय सांगणार, मी शेवग्याचीशेंग म्हणतात तसं काही माहीत नसताना मान हळूच खाली घातली. तिने माझ्या हाताला हात लावला आणि म्हणाली, "सापडेल." तिची आई म्हणाली, दादा, हेल्मेट काढा ना, एक फोटो घेऊ. आणि मला काढवेना. आतून घामाने अंघोळ झालेली, डोकं दुखतंय, पण त्या पोरीसमोर काढलं असतं तर तिथे मँडो उरला नसता, एक टकला अकाउंटंट उरला असता. तसाच फोटो काढला. मग पार्किंगमध्ये जाऊन काढलं आणि पाण्याची बाटली डोक्यावर ओतली.

तर माझं उत्तर, पोरांसमोर काढू नये.

झणझणीत
_/\_ ह्या प्रतिसादासाठी धागा सार्थकी.

तिरपा_डोळा
@गंजलेलानट, तुमच्यासारख्यांना बोलावून काम भागवलंय त्यांनी. पहिल्या सीझनच्या शेवटी स्टॉर्मट्रूपरची मोठी फौज दाखवायची होती आणि पोशाख कमी पडले, तेव्हा ५०१ लीजन म्हणून जो हौशी लोकांचा क्लब आहे त्यांना आपापले पोशाख घेऊन बोलावलं. घरी शिवलेले कपडे थेट मालिकेत.

आणि दुसऱ्या सीझनमध्ये बाराव्या भागात मागे कोपऱ्यात जीन्स आणि टीशर्टवाला क्रूचा माणूस राहिला होता तो आठवतो का? एवढी मोठी भिंत, एवढं तंत्रज्ञान आणि कडेला एक माणूस जीन्समध्ये उभा. मला बघून फार बरं वाटलं होतं. आमच्याच हातून होतं असं नाही.

शेवग्याचीशेंग
संगीतावर कुणीच नाही? लुडविग योरान्सन. ती सुरुवातीची जी घुमणारी, विहिरीतून आल्यासारखी फुंक आहे ती बेस रेकॉर्डरची. रेकॉर्डर म्हणजे आपल्या पाव्यासारखा, सरळ धरून वाजवायचा, शाळेत पोरं वाजवतात त्याचाच आडदांड भाऊ. तिसऱ्या सीझनला संगीतकार बदलला, मला फरक पडला.

टोरांटोकर_मूळ_सातारा
मीटिंग संपली (मीटिंगमध्ये हाच धागा वाचत होतो). लोहाराचा विषय निघालाच आहे तर एक अवांतर. तिसऱ्या भागात मँडो पोर सुपारी देणाऱ्या त्या म्हाताऱ्याच्या ताब्यात देतो आणि बदल्यात त्याला बेस्कारच्या लगडी मिळतात त्या एका पांढऱ्या उभट डब्यात असतात. तो डबा म्हणजे मुळात आईस्क्रीम मेकर! १९८० च्या स्टार वॉर्स सिनेमात ढगातलं शहर रिकामं होताना मागून एक माणूस तो कवटाळून पळताना दिसतो, अक्षरशः एक क्षण. लोक चाळीस वर्षं हसत होते की हा जीव वाचवायचा सोडून आईस्क्रीमचं भांडं घेऊन का पळतोय. ह्यांनी मालिकेत दाखवलं की बाबांनो ती तिजोरी असते.

काकडआरती
ह्यात हसण्यासारखं काय आहे? आमच्याकडे वाडा पाडायचा ठरला तेव्हा आजीने पहिल्यांदा आईस्क्रीमचा पॉटच बाहेर काढला होता. लाकडी पिंप, वर हँडल, मधे बर्फ आणि खडेमीठ. हँडल फिरवून फिरवून दंड भरायचे आणि शेवटी वाटीभर मिळायचं. तो माणूस माझ्या घरचाच वाटतोय.

पावसाळी_बूट
@काकडआरती पॉट अजून आहे का? विकणार का?

दुधीभोपळा
धाग्याचं आईस्क्रीम झालं.

उंडगा
सगळे प्रतिसाद वाचले आणि मूळ प्रश्नाकडे येतो, कारण पंधराव्या भागावर कुणीच नीट लिहिलं नाही आणि माझ्या मते उत्तर तिथे आहे.

त्या भागात मँडोला पोराचा ठावठिकाणा शोधायला शत्रूच्या तळावर, अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये एका मशीनपाशी जायचंय. मशीन चेहरा स्कॅन केल्याशिवाय चालत नाही. बरोबरचा मेफेल्ड जाणार असतो, पण आत त्याचा जुना साहेब दिसतो म्हणून तो कच खातो. मग मँडो स्वतः जातो. आधी हेल्मेटसकट प्रयत्न करतो, मशीन नकार देतं. मग काढतो.

आणि आता पेद्रो पास्कलचं काम बघा. इतका वेळ ज्याला आपण सगळ्यात डेंजर माणूस समजत होतो तो एकदम नवीन शाळेत आलेल्या पोरासारखा दिसायला लागतो. तोंडाचं काय करायचं हेच त्याला ठाऊक नाही. नजर कुठे ठेवायची माहीत नाही, कारण आजवर तो कुठे बघतोय ते समोरच्याला कधी कळतच नव्हतं. तो साहेब येऊन दोन साधे प्रश्न विचारतो आणि ह्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. खोटं बोलता येत नाही. चेहऱ्याने खोटं बोलायची सवय आपल्याला लहानपणापासून लागते, ह्याला ती संधीच मिळालेली नाही. मेफेल्डला येऊन सांभाळून घ्यावं लागतं, ह्याला ऐकू कमी येतं वगैरे. आणि सगळं संपल्यावर तो मेफेल्ड, जो पहिल्या सीझनपासून हेल्मेटवरून ह्याची टर उडवतो, तोच हेल्मेट परत देतो आणि म्हणतो मी तुझा चेहरा बघितलाच नाही.

@मधलीसुट्टी, तुम्ही म्हणता किंमत वसूल करा. ती इथे पुरेपूर वसूल झालीय हो. तिसऱ्या सीझनची डुबकी ही नुसती ऑफिसची कार्यवाही. माझा राग वेगळाच आहे. एकदा काढल्यावर त्या माणसात काहीतरी बदललं असणार ना? त्या मेसमध्ये तो जसा उघडा पडला, सोळाव्या भागात पोराने गालावर हात ठेवला, त्यानंतर तो परत पहिल्यासारखाच कसा? तिसऱ्या सीझनमध्ये तो हेल्मेट चढवून बसलाय तो थेट शेवटपर्यंत. नियम ढिला झाला ह्याचं मला काही नाही, माणूस आतून परत बंद झाला ह्याचं वाईट वाटतं.

झणझणीत
हं. ह्यावर उत्तर नाही माझ्याकडे. पण तिसऱ्याच्या शेवटी तो पोराला रीतसर दत्तक घेतो, दिन ग्रोगू नाव देतो, ते हेल्मेट असूनही उघडणंच नाही का?

उंडगा
आहे. पण ते बारशाचं पत्रक झालं. मला गालावरचा हात पाहिजे होता.

शेवग्याचीशेंग
+१. मी वर 'काढू नये' लिहिलं होतं. अर्धं मागे घेते.

मधलीसुट्टी
@उंडगा, तुमचा प्रतिसाद पोराला वाचून दाखवला. तो म्हणाला, "मी हेच सांगत होतो, तुम्ही तेव्हा उठून दुधाचं पातेलं बघायला गेला होतात." खरंय, गेलो होतो. म्हणजे पंधरावा भाग मी मेसच्या सीनशिवाय बघितलाय आणि वर धागा काढलाय. आज रात्री परत लावतोय, दूध आधीच तापवून ठेवलंय. २०२६ च्या मे महिन्यात सिनेमा येतोय म्हणे, द मँडलोरियन अँड ग्रोगू, तेव्हा पोराबरोबर थिएटरात. तोवर तो अकरावीत असेल, आला बरोबर तर.

@गंजलेलानट, तुमचा हेल्मेटचा पॅटर्न मिळेल का? पोराने विचारलंय. (मी विचारलंय.)

गंजलेलानट
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. डावीकडे झुकणारा नाही, दुसरा पाठवलाय. डोक्याचा घेर कानाच्या वरून मोजा आणि त्यात चार सेंटिमीटर वाढवा, मी वाढवले नव्हते.

काकडआरती
@पावसाळी_बूट, विकायचा नाही. मे महिन्यात आंबे घेऊन या, हँडल तुम्ही फिरवायचं.